पांढऱ्या खोळीची खुर्ची

खोळीच्या एका बाजूला इस्त्री झाली होती, दुसरी बाजू अजून चुरगळलेलीच होती, तेवढ्यात दार वाजलं. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि दार उघडायला गेले. ताईला हल्ली गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून दुपारी मी तिच्याकडे जाऊन तिची उभ्याची कामं उरकून येते. त्यातलं हे एक काम मी नेहमी नाक मुरडत करते. आमदारसाहेबांच्या खुर्चीच्या खोळीला इस्त्री.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, सभांना आणि कार्यक्रमांना खुर्च्या भाड्याने देतात. सगळी वस्ती त्यांना खुर्चीवाले म्हणते. एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून त्यांनी पहिल्या खुर्च्या उचलल्या, तेव्हा ताईच्या लग्नाची नवलाई अजून संपली नव्हती. लोखंडी, घडीच्या, पाठीवर हिरव्या रंगाचा ठिपका. पावसाळा असो, ऊन असो, भाऊजी दोन्ही बगलांत खुर्च्या मारून टेम्पोकडे चाललेले, हेच चित्र आम्ही आयुष्यभर पाहिलं. आणि हा माणूस स्वतः कधी बसत नाही. जेवतो तेही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, ताट हातात धरून. ताईने सुरुवातीला पुष्कळ सांगून पाहिलं. मग तिने नाद सोडला.

ती एक खुर्ची मात्र वेगळी. लाकडी, हातांची, गादीची. आमदारसाहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा भाऊजींनी ती खास सुताराकडून करून घेतली. साहेब तसे ठेंगणे. पहिल्या सभेच्या फोटोत त्यांचे पाय शाळेतल्या पोरासारखे लोंबकळताना दिसले, म्हणून भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी खुर्चीचे पाय कापून घेतले. तेव्हापासून ती गोदामात कोपऱ्यात, पांढऱ्या खोळीत. तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही. एकदा ताई सुतळी बांधता बांधता सहज टेकली, तर भाऊजी हळूच म्हणाले, "अगं, ती त्यांची." तेव्हा ताईचे गुडघे धड होते. ती पटकन उठली.

या भक्तीच्या मुळाशी एक मागणं होतं, ते सांगायला हवं. वस्तीच्या टोकाला दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे इमारत. तिचा पाया खणला तेव्हा सभा झाली, छप्पर पडलं तेव्हा सभा झाली, रंग दिला तेव्हाही झाली. तिन्ही वेळा खुर्च्या भाऊजींच्याच. रंग एकदा उडाला, पुन्हा दिला. आत टेबल आहे, पंखा आहे, हात धुवायचं बेसिनही आहे. डॉक्टर नाही. ताईला गुडघ्यांच्या उपचाराला बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं, आणि जे काय बरं वाटतं ते बसच्या पायऱ्या चढता-उतरताना परत जातं.

भाऊजी प्रत्येक सभेत त्या खुर्चीमागे उभे राहायचे. साहेब उठले की पुढे होऊन म्हणायचे, "साहेब, आपल्या दवाखान्यात डॉक्टर." साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बघतो." भाऊजी घरी येऊन ताईला सांगायचे, "बघतो म्हणाले." आधी ताई विचारायची, "कधी?" पुढे पुढे म्हणायला लागली, "इतकी वर्षं बघतायत, एव्हाना काहीतरी दिसायला हवं होतं."

मी रोज सकाळी देवापुढे डोकं टेकवते. देवही माझं सगळंच ऐकतो असं नाही. पण खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत नाही.

तर दारात हेडमास्तर होते आणि त्यांच्या मागे किराणावाला. हेडमास्तर निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण अजून ते समोरच्याला वर्गात उभं केल्यासारखं बोलतात.

"खुर्चीवाले आहेत का? परवा संध्याकाळी शाळेच्या पटांगणात नागरिकांची बैठक आहे. खुर्च्या लागतील."

भाऊजी आतून पंच्याने हात पुसत आले. "कसली बैठक?"

"यंदा साहेबांनाच पुन्हा पाठवायचं की बदलायचं, याचा साधकबाधक विचार."

"बदलायचंच आहे," किराणावाला म्हणाला. "ती पाणीखात्यातली बाई उभी राहतेय ना, मीटर तपासणारी. निदान दारोदार फिरलेली तरी आहे. आमच्या साहेबांना माझं दुकान कुठे आहे ते अजून माहीत नाही. दर निवडणुकीला पिठाची गिरणी समजून आत येतात."

भाऊजी घुटमळले. "साहेबांना कळलं तर?"

"कळू दे की. घाबरतो कोण?" किराणावाल्याने हे जरा आवाज खाली आणून विचारलं.

"तसं नाही. त्यांनी मनात धरलं तर आपला डॉक्टर जाईल."

आतून ताईचा आवाज आला. "नसलेला डॉक्टर जाणार कुठे?"

भाऊजींनी खुर्च्या कबूल केल्या. मी परत येऊन खोळीची दुसरी बाजू इस्त्री केली, कारण अर्धवट काम टाकणं माझ्या स्वभावात नाही, मग ते कोणाचं का असेना. घडी घालून खोळ टेबलावर ठेवली. ती तिथे ठेवायला नको होती असं आता वाटतं, आणि बरं झालं ठेवली असंही वाटतं.

काल बैठकीला मी लवकरच पटांगणात गेले. गेले दोन आठवडे गल्लीत जिथे जावं तिथे साहेबांचा उद्धार चालला होता. नळावर, दुकानात, जिन्यात. त्यांच्या सात पिढ्या खाली उतरवून झाल्या होत्या. म्हटलं, आज ऐकण्यासारखं काहीतरी होईल.

टेम्पो आला. भाऊजींनी खुर्च्या उतरवल्या, रांगा लावल्या. आणि शेवटी टेम्पोतून ती खुर्ची काढली. तिला ताजी इस्त्री केलेली खोळ चढवली, समोर मधोमध ठेवली, खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले आणि मागे सरकून नेहमीच्या जागी उभे राहिले.

सगळे बघत राहिले.

"ही कशाला आणलीत?" किराणावाल्याने विचारलं.

भाऊजींनी खुर्चीकडे असं पाहिलं, जणू ती आपली आपण चालत आली होती. "हात गेला," ते म्हणाले. "खोळ दिसली टेबलावर, हात गेला. थांबा, उचलतो."

"राहू द्या," हेडमास्तर घाईने म्हणाले. "मांडली ती मांडली. आता उचलली आणि कोणी जाऊन तिकडे सांगितलं, की साहेबांची खुर्ची हलवली, तर उगाच त्याचा वेगळा अर्थ निघेल."

अर्थ निघू नये म्हणून ती तिथेच राहिली. तिच्यावर बसायची हिंमत कोणाला होईना. अध्यक्ष असलेले हेडमास्तरसुद्धा बाजूची घडीची खुर्ची ओढून तिच्यावर कडेकडेने बसले.

मग भाषणं सुरू झाली. काय सांगू. जिन्यात डरकाळ्या फोडणारी माणसं, आणि समोर रिकामी गादी दिसताच सगळ्यांच्या आवाजाला शेवाळ धरलं. पहिला उठला तो आमच्या वरच्या मजल्यावरचा विमा एजंट. परवापर्यंत म्हणत होता, या माणसाला खेचून खाली आणला पाहिजे. काल त्याने हात जोडले ते थेट खुर्चीला. म्हणाला, "साहेबांविषयी माझ्या मनात वैयक्तिक आकस नाही. त्यांनी आपल्याला पुष्कळ दिलंय."

"काय दिलंय?" मागून एका बाईने विचारलं.

"वेळ दिलाय," तो म्हणाला आणि खाली बसला.

किराणावाला उठला. त्याने मीटरवाल्या बाईचं नाव काढायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "सन्माननीय साहेब." पुढे त्याचं त्यालाच कळेना. मग म्हणाला, "हे बघा, यांचं तरी आता पोट भरलंय. नवीन माणूस आणला तर त्याचं पहिल्यापासून भरत बसावं लागेल." लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माना पाहून फार शरम वाटली. माणूस देवापुढे नमतो तेव्हा त्याची उंची कमी होत नाही, पण रिकाम्या गादीपुढे नमलेले हे लोक मला बोटाएवढे दिसले.

"शिवाय ती बाई," विमा एजंट बसल्या जागेवरून म्हणाला, "तिला सभागृहात बोलता येईल का?"

"आपल्या साहेबांना तरी कुठे येतं? इतक्या वर्षांत एकदा बोलले, तेही पंखा बंद करा म्हणून," मागची बाई म्हणाली. पण ती मागेच बसली होती, आणि मागच्यांचं कोणी ऐकत नाही.

एवढ्यात फाटकातून ताई आली. उपचारावरून परस्पर, बस बदलून, भिंतीला धरत धरत. कपाळावर घाम. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. बसलेल्यांनी आता उठतोच असा चेहरा केला, पण उठलं कोणी नाही. मी माझी खुर्ची द्यायला उठून रांगेतून बाहेर पडेपर्यंत ताई सरळ पुढे गेली, त्या पांढऱ्या खोळीच्या खुर्चीकडे पाठ केली आणि दोन्ही हातांवर भार देऊन स्वतःला तिच्यात सोडून दिलं. इतक्या खाली गेली की तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

भाऊजींचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता म्हणतील, अगं, ती त्यांची. म्हणाले नाहीत.

हेडमास्तर खाकरले. "ताई, आपण जरा तिथून..."

"उठवत नाही हो मास्तर," ताई म्हणाली. "फार खाली आहे ही. उठायचा प्रयत्न करतेय, पण ही सोडत नाही." मग आजूबाजूला बघून म्हणाली, "आत्ता कळलं साहेब इतकी वर्षं का उठले नाहीत ते."

आधी मागची बाई हसली. मग एकेक रांग हसत पुढे आली. किराणावाल्याला तर चेवच आला. तो ताईपुढे वाकून, हात जोडून, अगदी भाऊजींच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आपल्या दवाखान्यात डॉक्टर."

ताईने मान जराशी तिरकी केली. "बघते," ती म्हणाली.

लोक मांड्यांवर थापा मारून हसले. भाऊजी हसले नाहीत. तो शब्द त्यांनी त्या जागेवरून किती वेळा ऐकला होता, आणि दर वेळी जपून घरी आणला होता. काल तो त्यांच्या बायकोच्या तोंडून आला, तिच्या सुजलेल्या पायांसकट. त्यांनी खाली वाकून ताईच्या चपला पाहिल्या. एका चपलेचा बंद तिने सुजेमुळे सोडून ठेवला होता.

"डॉक्टर येणार नाही," भाऊजी म्हणाले.

कोणाला उद्देशून म्हणाले नाहीत. पण इतकी वर्षं प्रत्येक सभेत उभा असलेला हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं पहिल्यांदाच बोलला होता, म्हणून हसू थांबलं.

"मी विचारलंय त्यांना. दर वेळी विचारलंय," ते म्हणाले. "येणार नाही."

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. मागची बाई पुढे येऊन बोलली. मीटरवाल्या बाईला इथे बोलावून डॉक्टरचंच पहिलं विचारायचं आणि ती नुसतं बघते म्हणाली तर तिलाही घरी पाठवायचं, असं ठरलं. साहेबांना बदलण्याच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर पुष्कळ हात वर गेले. किराणावाल्याचा अर्धाच गेला, कान खाजवत असल्यासारखा, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर दोन्हीकडून बोलता येईल. विमा एजंटाला नेमका त्याच वेळी फोन आला. हेडमास्तर म्हणाले, अध्यक्षाने तटस्थ राहायचं असतं. मतपेटीपर्यंत जाताना यातले किती हात वर राहतील, ते देवालाच ठाऊक. मी कोणाची खात्री देत नाही.

भाऊजींनी हात वर केला की नाही, ते मला दिसलं नाही. बैठक मोडल्यावर ते ताईसमोर आले, तिच्या दोन्ही मनगटांना धरून त्यांनी तिला ओढलं. पहिल्या खेपेला ती अर्ध्यातून परत खाली बसली. दुसऱ्या खेपेला उठली.

"कोणी कापले हो पाय एवढे?" ताई म्हणाली.

"मीच," भाऊजी म्हणाले.

आज सकाळी मी गेले तेव्हा ती खुर्ची गोदामात नव्हती. ताईच्या खिडकीशी होती. खोळ काढलेली. खालचं कापड निळं आहे, हे मला आज कळलं. भाऊजी नेहमीसारखे ओट्याला टेकून चहा पीत होते. तेवढ्यात साहेबांच्या सहायकाचा फोन आला. त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. रविवारी मोठी सभा आहे, नेहमीच्या खुर्च्या पाठवा, आणि साहेबांची खुर्ची विसरू नका.

"खुर्च्या मिळतील," भाऊजी म्हणाले. "ती खुर्ची नाही."

"का? मोडली का?"

"नाही. घरी लागते."

"अहो, मग साहेब बसणार कशावर?"

भाऊजींनी कप ओट्यावर ठेवला. "घडीच्या आहेत ना," ते म्हणाले. "सगळे बसतात त्यांवर." आणि फोन ठेवला.

मी ताईकडे पाहिलं. तिने भाऊजींच्या कपात आणखी चहा ओतला, न विचारता. मला अजूनही वाटतं, की एवढी अक्कल यायला या माणसाने एक अख्खी जवानी खुर्च्या उचलण्यात घालवायची गरज नव्हती. तसं मी बोलूनही दाखवलं. भाऊजी म्हणाले, "तुम्ही बोललात ते बरोबर आहे. पण जरा ती बाजू धरता का? दारातून एकट्याने निघत नाही."

मी एक बाजू धरली, त्यांनी दुसरी, आणि खुर्ची टेम्पोत चढवली. आता ते सुताराकडे गेलेत, कापलेल्या पायांखाली चार-चार बोटांचे ठोकळे लावून आणायला.