माय काय म्हणाली

आमच्या अर्जुनी मोरगावच्या भागात कांजिण्या झालेल्या माणसाला आजारी म्हणत नाहीत. अंगावर माता आली, असे म्हणतात. आणि फोड सुकेपर्यंत ते माणूसच माता असते. घरात फोडणी बंद होते, दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागतात आणि मातेच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. या शेवटच्या नियमाचे वजन मला माझ्या मायच्या वेळी कळले.

मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. वडिलांचा फोन आला तो पाचव्या दिवशी. "मायच्या अंगावर माता आली. घाई नोको करू," ते म्हणाले. मी मिळेल ती बस धरली. मोठ्या वयात हा विषाणू फुप्फुसांत उतरू शकतो, हे मला ठाऊक होते.

मधल्या खोलीत माय खाटेवर होती आणि वडील उभ्याने तिला निंबाच्या डहाळीने वारा घालत होते. मी दारातच थबकले. या माणसाने तिला पाण्याचा पेला दिलेला मी कधी पाहिला नव्हता. 'अवं' याखेरीज त्यांनी तिला हाक मारली नव्हती. आता ते हात जोडून विचारत होते, "माय, पाणी घेतेस?" घरातल्या सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या त्या बाईने नुसती मान हलवली आणि पेला बाजूला झाला. पाच दिवसांच्या पूजेने दोघांनाही बदलले होते. ते वाकायला शिकले होते, ती नाकारायला.

पण तिचा श्वास उथळ होता, ओठ काळसर पडले होते. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला.

"अवं, मातेले आंगठी आणली पोरीनं!" मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी, कौतुकाने म्हणाली आणि तिने त्यावर कुंकू लावले. ते पुसून मी आकडा वाचला, ऑक्सिजनचा अर्थ सांगितला, न्यूमोनिया समजावला. माझी वाक्ये निर्दोष होती.

"कवाची डबीच पाहून राहिली," मोठी माय म्हणाली. "मायचं तोंड पाह्यलं का? आमी मातेले पुजतो, तू त्या डबीले पुजून राहिली."

ते खरे होते, म्हणूनच मी ओरडले, "दवाखान्यात नेलं नाही तर ती मरेल!"

"मातेले सुई टोचतेत का, पोरी?" वडिलांच्या स्वरात राग नव्हता, विनवणी होती. "ती चाल म्हणन त आताच नेतो. तिच्या मनाबाहेर नाही."

म्हणजे सगळे तिच्या एका शब्दावर आले होते. मी खाटेशी गुडघे टेकले आणि कान तिच्या तोंडाशी नेला. तुटक्या श्वासातही तिचे शब्द स्पष्ट होते.

"नोको नेऊ मले." मग थोड्या वेळाने, "इथं मले सारे इचारून राहिले."

एक नोंद संशयास्पद वाटली म्हणून मी महिन्याभराचे काम टाकून दिलेले आहे. सत्य हे माझे एकमेव दैवत, असे मी अभिमानाने सांगत असे. मी उठले, वडिलांकडे पाहिले आणि म्हणाले, "माय चाल म्हणते."

ते अनवाणीच गाडी आणायला धावले.

गोंदियाच्या वाटेवर तिने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. दवाखान्यात तिला सुया टोचल्या, नळ्या लावल्या, यंत्रावर ठेवले. आणायला उशीर झाला, असे डॉक्टरांनी सांगितले. चौथ्या दिवशी ती गेली.

मातेला जागेवरून हलवले म्हणून ती कोपली, असे गावात काही जण बोलले. वडिलांनी त्यांना गप्प केले. "तिच्याच मर्जीनं नेलं," असे ते सांगतात, आणि त्या एका वाक्याच्या आधाराने ते सकाळी उठतात, शेतावर जातात. विचारण्याची सवय मात्र त्यांच्यात टिकली आहे. जेवलीस का, थकलीस का, असे ते आता मलाही विचारतात.

तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. या निर्णयात मला कुठेही चूक सापडत नाही, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग नाही. तिच्या आयुष्यात सगळे घर जिच्यापुढे हात जोडून उभे राहिले अशी तिची एकच इच्छा होती. ती मी खोडली.

मागच्या खेपेला गेले तेव्हा वडील बांधावर माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ पायाजवळचे गवत उपटत राहिले.

"पोरी, चालच म्हणली न ती? मले आयकू नाही आलं."

"हो."

"अजून काई म्हणली का व?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या धानाकडे पाहत राहिले.

"नाही, बाबा," मी म्हणाले.