ओमासमोर नको

पाटणकर बाजारात दुकानदाराशी भाव हिंदीत करायचा आणि आपसात मराठीत कुजबुजायचं, "महाग सांगतोय गं, उठ!" ही आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी घरांची जुनी खोड. निम्म्या दुकानदारांना मराठी समजतं, ही गोष्ट वेगळी! माझा मुलगा माझं बोट धरून हेच शिकला. पुढे नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं.

नातू झाला, त्याला ना मराठी येईना, ना हिंदी. दर रविवारी फोनवर दिसायचा, "ओमा" म्हणायचा. ओमा म्हणजे आजी. मग आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसायचो. मला संतापच यायचा. माझा नातू आणि मध्ये दुभाषी? हट्! शिकवणी लावली नाही, या वयात मी कुणाचं ऐकून घेणार? मोबाइलवर जर्मन रेडिओ लावला आणि मटार सोलत बसले. सुरुवातीला नुसता खडखडाट. मग एक दिवस 'पाऊस' कळला, कधीतरी 'उद्या' कळला. मुलांच्या गोष्टी लागायच्या, त्या कधी चुकवल्या नाहीत. मोबाइलवरच तिथल्या किराणा दुकानांच्या चित्रांच्या जाहिराती वाचून वाचून बटाटे, साबण, सगळं पाठ झालं. शेजारीण म्हणायची, "भाभीजी, दिन भर ये क्या लगा रखा है?" मी म्हणायचे, "कीर्तन है, सुनो!"

मुलाला यातलं काही सांगितलं नव्हतं. नातवाच्या वाढदिवशी एकदम जर्मन बोलून सगळ्यांना गार करायचा बेत होता. त्यासाठी एक वाक्य घोटून ठेवलं होतं.

वाढदिवसाच्या आधीच्या एका रविवारी मटार सोलता सोलता मी विचारलं, "सूनबाई कुठे रे?"

"बाहेर गेलीय, आई." नेहमीचंच उत्तर.

तेवढ्यात नातू त्याच्या कुशीत शिरला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "पपा, मला घरी केव्हा सोडणार? मम्मा वाट बघत असेल."

घरी? मग हे दोघं बसलेत कुठे? वाटलं, आपलंच ऐकण्यात चुकलं. पण घर, केव्हा, मम्मा... यात चुकायला होतंच काय? मुलगा हसतच होता. हसत हसतच जर्मनमध्ये त्याला म्हणाला, "नंतर. ओमासमोर नको."

अरे देवा! मला बाजारातला दुकानदार केलं याने! मांडीवरचं ताट कलंडलं, मटार घरभर झाले. वाढदिवसासाठी घोटलेलं ते जर्मन वाक्य कसंबसं बाहेर पडलं. "ओमाला आता तुझं सगळं समजतं, राजा."

नातू टाळ्या पिटायला लागला. मुलगा पांढराफटक पडला.

"आई, तू जर्मन... कधीपासून?"

"माझं राहू दे! तू वेगळा कधीपासून राहतोस, ते बोल."

तो खाली बघत म्हणाला, "दिवाळीच्या आधीपासून."

दिवाळीच्या आधीपासून! दिवाळीला मी तिघांना पुरतील इतक्या चकल्या पाठवल्या होत्या. "तिला फार आवडल्या, आई, डबा लगेच फस्त!" असं हाच म्हणाला होता. रागवावं की रडावं, काही कळेना. भलतंच तोंडातून गेलं, "मग त्या चकल्या कुणी खाल्ल्या रे?"

"मीच," तो म्हणाला. "रोज एक. पुरवून पुरवून."