उजवा पेड

सुरुचीवहिनींकडे मी दर मंगळवारी केसांच्या दुकानात जातो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या डोक्याकडे बघतात आणि मग सहानुभूतीने विषय बदलतात. माझ्या डोक्यावर शेवटची लागवड होती तेव्हा मी मानक नगरातल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत नवा होतो. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वहिनींचा नवरा निरंजन तिथे माझ्या हाताखाली होता, म्हणून मी त्यांचा भाऊजी. त्या दुकानात माझं काम एकच. केसांची बट मुळाशी चिकटवायचं त्यांचं जे चिमट्यासारखं तापणारं यंत्र आहे, त्याचं तापमान मोजायचं. यंत्रावरच्या काट्यावर वहिनींचा विश्वास नाही. आयुष्यभर रेल्वेच्या चाकांचं तापमान मोजलेला माणूस म्हातारपणी चिमटा मोजत बसतो, यात कुणाला उतरती कळा दिसली तर दिसू दे. तिथे चहा चांगला मिळतो.

निशातगंजच्या एका गल्लीत, गादीवाल्याच्या वर, वहिनींची एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक उत्तरेची खिडकी, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या केसांच्या जुड्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, दहा-बारा बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. अजूनही जिना चढून वर गेलं की एक क्षण तसंच वाटतं. मी त्यांच्याकडे पाठ करून बसत नाही.

वहिनींचं माहेर चिपळूणचं. तिथे त्यांच्या आजीकडे गंगावन होतं, सणासुदीला वेणीत गुंफायचं. "मी तेच करते भाऊजी," त्या म्हणतात. "फक्त आजी गाठ मारायची, मी केराटिनने चिकटवते. आजीचं रात्री निघायचं, माझं चार महिने निघत नाही." सहालगीच्या, म्हणजे इकडच्या, उत्तरेतल्या लग्नांच्या मोसमात नवऱ्या मुलींची रांग लागते. पण वहिनी कुणालाही सरळ खुर्चीवर बसवत नाहीत. आधी प्रश्न: ताप आला होता का, बाळंतपण झालंय का, केस किती गळतात. मग चिमूटभर केस बोटांत धरून हलकेच ओढायचे आणि हातात किती आले ते मोजायचे. जास्त आले तर घरी परत. "पडत्या भिंतीला खुंटी ठोकून काय उपयोग, दीदी," असं त्या हिंदीत इतक्या गोड आवाजात सांगतात की मुलगी थँक यू म्हणून जाते. आणि ज्यांना होकार, त्यांनाही आधी कानामागे फक्त दोन बटा. तीन दिवस घरी राहायचं, झोपायचं, वागायचं. डोकं खाजलं नाही, बट ओढली नाही, तरच पुढचं.

"केस आणि डोकं यांची ओळख व्हायला पाहिजे," त्या म्हणतात. मला हे धंद्यातलं बोलणं वाटायचं.

गेल्या एप्रिलात विभा कीर्तने आल्या. वय बावन्न, वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ, बोलणं प्रयोगशाळेतल्या चिठ्ठीसारखं मोजकं. ऑक्टोबरात डेंग्यू झाला, मग केस मूठमूठ गेले, उरलेले मानेपर्यंत कापावे लागले.

"मला कमरेपर्यंत नकोत," त्या म्हणाल्या. "पाठीच्या मध्यापर्यंत. वेणी घालता आली पाहिजे."

"काही फंक्शन आहे का, ताई?"

"नाही. माझी आई जेवत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चिमट्याकडे पाहिलं.

मग विभाताईंनी सांगितलं. आई, लीलावतीबाई, एकोणऐंशी वर्षांच्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, आणि आठवणही विरलेली. माणसं ओळखायची ती हातांनी. रोज दुपारी लेकीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालायची, वेणी झाली की तिच्या हातून चार घास खायचे, असं सात वर्षं चाललं होतं. केस गेले तशी लेकही गेली. आता विभाताई घास पुढे करतात तर आई तोंड फिरवून म्हणते, बाई, तुमचे उपकार आहेत, पण माझ्या मुलीला बोलवा. दिवसा सांभाळणाऱ्या बाईच्या हातून अर्धा पेला दूध, बाकी काही नाही. दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं होतं.

"डॉक्टर म्हणतात नळी घालू. मला आधी हे करून बघायचंय," विभाताई म्हणाल्या.

वहिनींनी त्यांचे केस ओढून पाहिले. हातात दोनच आले. मग त्यांना खिडकीशी नेलं. रंग जुळवायचा तो उजेडात आणि टोकांशी, मुळांशी नाही, हे एव्हाना मलाही पाठ आहे. वहिनींनी तीन जुड्या काढल्या. दोन विभाताईंनी बाजूला केल्या. तिसरी हातात घेतली आणि सोडलीच नाही. काळी, किंचित तपकिरी झाक, बारीक लहर.

"ही कुणाची?"

"एकाच डोक्याची, एवढंच माहीत असतं मला. व्यापारी नंबर देतो, नाव नाही."

वहिनींनी ती मोजली. अठरा इंच. वहीत लिहिलं. मग धुण्याआधी गुंता होऊ नये म्हणून त्या जुडीची सैल वेणी घालायला लागल्या. तीन पेड केले, टोकाला रबर लावलं, खिळ्याला अडकवली आणि चहा ओतायला वळल्या. मी समोरच बसलो होतो. वेणीचा उजवा पेड हळूहळू, जणू कुणी आतून मान हलवतंय तसा, बाहेर सरकला आणि लोंबायला लागला.

"वहिनी, सुटली."

"सुटेल कशी?" त्यांनी पुन्हा घट्ट घातली. चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत उजवा पेड पुन्हा बाहेर. बाकी दोन जागच्या जागी. पंखा बंद होता, वीज नव्हती. तिसऱ्यांदा वहिनींनी वर दोरा गुंडाळला आणि जुडीला म्हणाल्या, "अब चुपचाप रहो." मला हसू यायला हवं होतं.

दोन बटा लावायची वेळ आली तेव्हा विभाताईंनी शास्त्रज्ञाचा हट्ट धरला. उजव्या कानामागे निवडलेल्या जुडीतली बट, डाव्या कानामागे नाकारलेल्या जुडीतली. तुलनेला काहीतरी हवं म्हणे. वहिनींच्या वीस वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. त्यांना ते फार आवडलं.

तीन दिवसांनी विभाताई आल्या. मीही होतो. मंगळवार नव्हता, पण चिमट्याची चौकशी करायला काय वार लागतो.

"जेवली," विभाताई म्हणाल्या. "दीड पोळी आणि मेथीची भाजी."

वहिनींनी हात जोडले. "ओळखलं ना तुम्हाला?"

"मला नाही." त्यांनी पर्समधून वही काढली आणि नोंद वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. "डाव्या बटेला हात लावला आणि विचारलं, हे कुणाचं आणलंस, परत दे. उजव्या बटेला हात लावला आणि म्हणाली, वसू, आलीस का. वसुधा माझी मोठी बहीण. मिरजेला असताना कावीळ झाली आणि एकोणिसाव्या वर्षी गेली. मी पंधराची होते."

खाली गादीवाला कापूस पिंजत होता. वहिनींनी जोडलेले हात खाली घेतले.

"अजून काही म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

"म्हणाली, केस मोकळे सोडून फिरू नकोस. वेणी घालतेस ती नीट घाल. तुझा उजवा पेड नेहमी सुटतो."

माझ्या डोक्यावर उभं राहायला काही नाही, म्हणून हातांवरचे केस उभे राहिले. वहिनींनी भिंतीवरच्या जुडीकडे पाहिलं नाही. मीही नाही. आम्ही दोघं इतक्या निष्ठेने तिच्याकडे बघत नव्हतो की विभाताईंनीच वळून तिच्याकडे पाहिलं. दोऱ्याच्या वरून उजवा पेड लोंबत होता.

"विभाताई," वहिनी म्हणाल्या, "आपण दुसरी जुडी लावू. कुणाला कळणार नाही, उन्नीस-बीसचा फरक."

"आईला कळतो. डावी बट तिने परत द्यायला सांगितली."

"पण मग तुम्ही तुमच्याच घरात..."

"ती जेवली, सुरुचीताई. कुणाच्या हातून जेवली ते मी नंतर बघेन."

पुढच्या आठवड्यातला रविवार ठरला. आधी तीन दिवस तेल नाही, आदल्या दिवशी साधा शॅम्पू दोनदा, नंतर केसांना काही चोपडायचं नाही, नाहीतर केराटिन धरत नाही. विभाताईंनी सगळं लिहून घेतलं. मी सकाळीच जाऊन तापमान तपासलं आणि निघायचं ते निघालो नाही. वहिनींनी मागून सुरुवात केली. तांदळाच्या दाण्याएवढ्या केराटिनच्या गाठी, टाळूपासून नखभर दूर, अशक्त केसांना झेपतील एवढ्याच. चार गाठी झाल्या आणि विभाताई म्हणाल्या, "मान मागे ओढल्यासारखी वाटते."

"वजनाने वाटतं तसं," वहिनी म्हणाल्या. चार गाठींचं वजन मी तुम्हाला सांगू शकतो. चार माश्या बसल्या तर जास्त होईल.

पाच तास लागले. संपल्यावर विभाताईंनी आरशात पाहिलं, केस पुढे घेतले आणि सरसर वेणी घातली. घालून झाल्यावर त्या आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. "मी डावा पेड आधी घेते," त्या हळूच म्हणाल्या. "आता उजवा घेतला."

त्यानंतर दर महिन्याला त्या गाठी दाखवायला येत. लीलावतीबाई जेवत होत्या. चार किलो वजन भरून आलं. घरात विभाताई वसू झाल्या होत्या आणि त्या हाकेला ओ द्यायलाही शिकल्या होत्या.

"गंमत काय होते," एकदा त्या म्हणाल्या, "आई मला विभाबद्दल सांगते. धाकटी हट्टी आहे म्हणते. फटकळ आहे. पण माझ्यासाठी लग्न नाही केलं तिने, बोलून नाही दाखवलं कधी, असंही म्हणते. हे माझ्यासमोर कधी म्हणाली नव्हती." मग वेणी पुढे घेऊन, "रोज विचारते, विभा कधी येणार. मी म्हणते, येईल."

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या वहिनींनी पुसलेलाच कंगवा पुन्हा पुसला.

ऑगस्टात गाठी काढायची वेळ आली. विभाताईंना नको होतं. अजून एक महिना, अजून पंधरा दिवस. वहिनींनी ऐकलं नाही. तुमचे स्वतःचे केस खांद्याला आलेत, आता ओढले गेले तर मुळासकट जातील, आणि मग काहीच लावता येणार नाही. "उद्या ती जेवली नाही तर?" विभाताईंनी विचारलं. "मग लगेच परत लावू. मी सोबत येते घरी. सगळं घेऊन येते."

काढलेल्या बटा वहिनींनी धुतल्या, वाळवल्या, जुन्या गाठी कापून टाकल्या आणि वहीसाठी मोजल्या. मोजून पट्टी बदलली. मग पट्टी माझ्याकडे दिली. मी आयुष्यभर मोजमापं केली आहेत. एप्रिलात अठरा इंच होते, त्यातून टोकं कापलेली. आता साडेएकोणीस भरत होते.

"लिहू काय?" वहिनींनी विचारलं.

"अठरा लिहा," मी म्हणालो. शासकीय सेवेत असताना मी असं कधी केलं नव्हतं.

मलमलीच्या पिशवीत केस घालून आम्ही विभाताईंच्या घरी गेलो. ई-रिक्षाने वीस मिनिटं, तळमजला. दुपारचा एक वाजलेला. लीलावतीबाई खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या, लहानखुऱ्या, स्वच्छ. विभाताई नेहमीसारख्या त्यांच्या पुढ्यात जाऊन बसल्या, पाठ करून. मी आत एका स्टुलावर टेकलो. वहिनी पिशवी धरून दारातच थांबल्या.

म्हातारीची बोटं लेकीच्या मानेवर आली. खांद्यापर्यंतचे केस चाचपले. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली. विभाताईंचे डोळे मिटलेले होते.

"विभा?"

"हं, आई."

"किती दिवसांनी आलीस गं. जेवलीस का?"

विभाताईंनी उठून ताट आणलं, पोळी मोडली, घास पुढे केला. आईने तो घेतला. दुसरा घेतला. तिसरा चावता चावता म्हणाली, "वसूने केलं हो माझं सगळं. रोज भरवायची. पण स्वतः एक घास नाही खाल्ला पोरीने. उपाशी पाठवू नकोस तिला. ती बघ, दारात उभीय."

दारात सुरुचीवहिनी होत्या. हातात पिशवी.

विभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन दुसरं ताट वाढलं, पाट मांडला, आणि पाटाकडे हात केला. वहिनी आल्या, बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि जेवायला लागल्या. म्हातारी त्यांच्या दिशेने तोंड करून ऐकत होती, आणि समाधानाने आपलीही दुसरी पोळी संपवत होती. मधूनच म्हणाली, "सावकाश, वसू."

परतताना आम्ही ई-रिक्षात बसलो.

"त्या जेवतील आता," मी म्हणालो. "ओळखलं लेकीला."

"हो." त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. "मला मात्र भूक लागलीय, भाऊजी. संकोचाने एक पोळी कशीबशी खाल्ली."

त्या जेवत होत्या तेव्हा मी त्यांच्या समोरच बसलो होतो. मोजायची सवय जात नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमच्या ताटातल्या चार पोळ्या संपल्या."