पाच नंबरचे पाय

डॉक्टर मॅडमनी माझ्या बायकोच्या, ज्योतीच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला, तो काही लवकर भरेना. "ही सूज कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. मी पुढे होऊन सांगितलं, "महिना झाला असेल, मॅडम. आधी चपलेचा पाच नंबर लागायचा, मग सहा दिली, आता सात घालते."

हे मी जरा ऐटीतच सांगितलं. आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

माझी चपलांची हातगाडी आहे. बुधवारी नदीकाठच्या बाजारात लागते, एरवी वस्त्यांमधून फिरते. बाईचा पाय नुसता बघून मी नंबर सांगतो. बायकोच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचे वळ दिसले, तसा मी गाडीवरची मऊ पट्ट्याची सहा नंबर घरी आणली. पंधरा दिवसांनी सात. शेजारणी तिला म्हणाल्या, "नशीबवान हायेस बाई, नवरा लय जपतो." मी फुशारून गेलो.

मॅडमनी बीपी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "प्री-एक्लॅम्पसिया," त्या सिस्टरना म्हणाल्या. मग मला समजेल असं सांगितलं. गरोदरपणात बीपी वाढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, अंगावर सूज येते. वेळेत लक्षात आलं नाही तर झटके येतात आणि आई, बाळ दोघांच्या जिवावर बेततं. "पाय तर पुष्कळ जणींचे सुजतात. म्हणूनच बीपी बघायचं असतं. तपासणीच्या कार्डावरचे शेवटचे दोन रकाने कोरे का आहेत?"

कोरे होते ते माझ्यामुळे. आमच्या दवाखान्यात तपासणीचा वार बुधवार, आणि माझा बाजारही बुधवारीच. मी तिला फाटकाशी सोडून निघून जायचो. आत बायकांची रांग, आपलं तिथे काय काम? शेवटच्या दोन वेळी तर मीच म्हणालो, "पाय दुखतात ना? मग कशाला उभी राहतेस रांगेत? पड घरी." दवाखान्याच्या आशाताई घरी आल्या, तेव्हा बायकांचं बोलणं म्हणून मी बाहेर गाडी पुसत बसलो. आत त्या धोक्याची लक्षणं सांगत होत्या. पुढे ज्योतीचं डोकं दुखायला लागलं, तर मी बाम चोळून दिला. त्या दिवशी सकाळी तिला एका गाडीच्या दोन गाड्या दिसल्या, तेव्हा कुठे मी रिक्षा बोलावली.

सासूबाई तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कळवणला न्यायला आल्या होत्या. "इथे दवाखाना हाकेवर आहे," असं सांगून मीच त्यांना परत पाठवलं होतं.

झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं. तरी एक झटका आलाच. मी दारात होतो, सगळं पाहिलं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही. मॅडम म्हणाल्या, "बाळ आता बाहेर काढावं लागेल, नाहीतर दोघंही जातील." मी सही केली. आठवा महिना नुकता लागला होता.

मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. केसपेपरवर सिस्टरनी तिच्या तळव्याचा शाईचा ठसा घेतला होता, माझ्या अंगठ्याएवढा. सवयीने मी मनात नंबर शोधायला लागलो. एवढ्या मापाची चप्पल कुणी बनवत नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

ज्योती वाचली. घरी निघालो त्या दिवशी सूज उतरलेली होती, सात नंबर पायातून निसटायला लागली. "ऱ्हाऊ द्या, मी अनवाणीच येते," ती म्हणाली. मला तिने कधी बोल लावला नाही. "तुमाला काय ठावं?" एवढंच म्हणते, आणि तेच मला सहन होत नाही. कार्डावर सगळं छापलेलं होतं, चित्रांसकट. ती तिसरीत शाळा सोडलेली, मी दहावी पास. ती सातची जोडी अजून खाटेखाली आहे. विकवत नाही आणि टाकवतही नाही.

आता तिला पुन्हा सहावा महिना आहे. बुधवारी मी गाडी लावत नाही. रांगेत तिच्यामागे उभा राहतो. पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या, सिस्टर म्हणाल्या, "पुरुषांनी बाहेर थांबा." मी हलत नाही म्हटल्यावर मॅडमनीच आत बोलावलं. दर वेळी त्या बीपीचा आकडा मला मोठ्याने सांगतात आणि कार्डावर लिहून तो माझ्याकडून वाचून घेतात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

भावांनो, फाटकाशी सोडून निघून जाऊ नका, आत जा. गाडीवर एखादी पोटुशी बाई मोठा नंबर मागते, तेव्हा मी आधी बीपी तपासलं का म्हणून विचारतो. परवा एक चिडली. "चप्पल द्यायची तर द्या, नायतर ऱ्हाऊ द्या," म्हणत निघून गेली. जाऊ दे, पण त्या रागात तरी तपासून घेऊ दे.

रोज संध्याकाळी ज्योती पाय पुढे करते. मी तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबतो. "उचला ना आता, दुखतंय," ती म्हणते. अजून एकदाही खड्डा पडलेला नाही. तरी अंगठा उचलायची मला रोज भीती वाटते.