झिऱ्याचा रकाना

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पणकाका म्हणत. नागपुरात, धरमपेठेत दोन खोल्यांचं ऑफिस. कुठे खदान, कारखाना, रस्ता होणार असला की त्यामुळे आसपासच्या हवापाण्याचं किती नुकसान होईल, याचा अहवाल आम्ही करून देत असू. काकांचं एकही वाक्य 'पण'शिवाय पुरं होत नसे. 'जमीन पडीक आहे, पण तिच्यावर गावची ढोरं चरतात.' साहेब लाल पेनने 'पण'पासून पुढचं खोडत आणि म्हणत, काका, तुमचे 'पण' पोटात ठेवत जा. काका मान हलवत आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच करत.

काका मूळचे नरखेडकडचे. गावात गेलं की सरपंचाकडचा चहा टाळून आधी बाया पाणी भरतात तिथे जात आणि ओंजळभर पाणी पीत. बाटलीत नमुना घ्यायचं काम माझं. एकदा त्या पाण्यापायी काका तीन दिवस पोट धरून बसले होते. मी चिडवलं, तर म्हणाले, हेही अहवालात लिहून टाक.

सगळा अहवाल शेवटी एका शब्दापाशी येऊन थांबे, परिणाम लक्षणीय आहे की नाही. त्यावर काका म्हणत, "ज्याच्या अंगणात होते त्याले इचारा. आपल्याले इथं पंख्याखाली बसून काय लक्षणीय वाटन?"

खाप्याच्या अलीकडे, कन्हानला मिळणाऱ्या एका नाल्याकाठी गिट्टीची खदान होणार होती. आम्ही मे महिन्यात गेलो. नाला ठणठणीत कोरडा. मी मोबाईलवर फोटो काढला, 'कोरडा नाला' असं लिहिलं आणि मोकळी झाले. काका मात्र वाळू तुडवत पार वळणापर्यंत गेले. तिथे बायांनी वाळूत कमरेइतका खड्डा उकरला होता. त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने गुंडात, पितळी घागरीत, भरणं चाललं होतं. याला आपल्याकडे झिरा म्हणतात. गावातल्या विहिरी आटल्या की पाऊस येईस्तोवर सगळं गाव त्याच्यावर. खदान खोल गेली की झिरा आटणार, हे कळायला शिकलेला माणूस लागत नाही. काकांनी हाताने पानभर लिहिलं आणि शेवटी नोंदवलं, परिणाम लक्षणीय.

तक्ता मी टाईप करत होते. पाण्याच्या स्रोतांचे रकाने ठरलेले होते, विहीर, बोअर, तलाव, नदी. झिऱ्याला रकानाच नव्हता. दुपारपर्यंत कागद जायचे होते, साहेब डोक्यावर उभे. विहीर आणि नदीपुढे 'कोरडी' लिहिलं, बाकीच्यांपुढे 'नाही', आणि झिरा सोडून दिला. काकांना मागाहून सांगू म्हटलं, ते राहून गेलं. तक्त्यात पाणीच नाही म्हटल्यावर साहेबांनी 'लक्षणीय'पुढे बिनबोभाट 'नाही' जोडलं.

जनसुनावणी गावच्या शाळेत झाली. अंगणवाडीच्या बाईंनी अहवालाचा मराठी सारांश ओळ न् ओळ वाचून आणला होता. त्या उभ्या राहिल्या.

"यात आमचा झिरा कुठी आहे?"

काकांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. त्यांच्या हाताने लिहिलेलं पान माझ्याच फाईलमध्ये होतं.

"माह्याकडून राह्यलं, बाई," काका म्हणाले. "चूक माही आहे."

मी उठायला हवं होतं. उठले नाही. 'सूचना नोंदवली' एवढं इतिवृत्तात आलं.

परतताना सावनेर मागे पडलं. मग गाडीत काकांनी हळूच विचारलं, "काहून केलं वं, पोरी?" मी म्हटलं, रकाना नव्हता. ते बाहेर बघत म्हणाले, "मंग हातानं आखाचा होता."

पुढे परवानगी आली. चूक काकांच्या नावावर लागलीच होती, साहेबांनी त्यांना बोलावणं बंद केलं. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. अहवालांवर सही माझी असते, आणि माझी वाक्यं कोणाला खोडावी लागत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात काकांना लकवा मारल्याचं कळलं, म्हणून मानेवाड्याला त्यांच्या घरी गेले. आदल्याच आठवड्यात मी त्या नाल्यावरून आले होते. वळणावर गिट्टीची पांढरी धूळ बसली आहे. वाळू खोलवर कोरडी आहे, आणि गावात एक दिवसाआड टँकर येतो. काकांची जीभ जड झाली होती. मला ओळखायलाही त्यांना थोडा वेळ लागला. मग एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "झिऱ्याले पाणी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा हसला. काकूंना खुणेने म्हणाले, पोरीले चहा दे. मी चहा प्याले, कपबशी मोरीत नेऊन ठेवली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काका गेल्याचा फोन आला तेव्हाही आलं नाही.