एकोणीस कड्यांचं घड्याळ

जयगडच्या हारुन तांडेलाने तीस वर्षं मासेमारीची होडी हाकली, आणि तेवढ्या काळात वारा, बर्फवाला आणि सख्खा मेहुणा यांपैकी कोणावरही भरवसा ठेवला नाही. त्यामुळे २००३ साली मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरू लागलं, तेव्हा पहिला संशय गेला तो घड्याळजी बाबूवर. मुलाने, अद्नानने, कुवेतहून पाठवलेलं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ; नुकतंच सेल बदलायला दिलं होतं.

“पट्ट्यात कड्या वाढवल्यास तू.”

“हारुनभाई, लोक कड्या चोरतात. फुकट वाढवून कोण देतो?”

“तेच तर कळत नाही. मोज.”

बाबूने मोजल्या. एकोणीस. घड्याळ आलं त्याच दिवशी हारुननेही मोजून ठेवल्या होत्या. एकोणीसच. म्हणजे पट्टा वाढला नव्हता, हात कमी झाला होता.

जुन्या काविळीने यकृत आकसलंय, हे त्याला वर्षापूर्वीच सांगितलं होतं. दारूला तो कधी शिवला नाही, पण हे गावाला पटवता पटवता दमला होता. वजन मात्र चौसष्टला चौसष्ट. बर्फाच्या कारखान्यातला काटा दर महिन्याला तेच सांगायचा, आणि मनासारखं बोलतो म्हणून जगात तेवढा एक काटा त्याला सच्चा वाटायचा.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा दंड चिमटीत धरून पाहिला. मग आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली.

“दाबा.”

“दाबलीत की!”

बाईंनी बोटं सहज सोडवून घेतली. “पोटात पाणी साठलंय, तांडेल, आणि तेवढंच अंगावरचं मांस झडलंय. काटा दोन्हींची बेरीज सांगतो. जेवता काय?”

“पेज. ही दुसरं देतच नाही.”

“काविळीला पथ्य नको?” शेजारी बसलेली त्याची बायको रझिया उसळली. “वर्षभर घरात तेल नाही, मासळी नाही. मीपण तेच खाल्लं!”

“तुमचं यकृत आता अन्नाचा साठा करत नाही, म्हणून उपाशी शरीर स्वतःचेच दंड खातं. मासळी द्या. ताजी; सुकी नको, मीठ कमी. झोपण्याआधीही काहीतरी पोटात जाऊ दे.”

“माझे दिवस किती?” हारुनने विचारलं.

“दंड भरला तर वर्षांची भाषा करू. झडतच राहिला तर महिन्यांची.”

परतीच्या एस.टी.त तो म्हणाला, “बाईचं माहेर मच्छीवाल्यांचं असणार.”

त्या संध्याकाळी ताटात बांगडा आला. “वर्षभर उपाशी मारलंस, आता एकदम माया?”

“जहर घातलंय,” रझिया म्हणाली. “गरम आहे तोवर खाऊन घ्या.”

त्याच्या हातावर जाळ्याच्या दोरीचा जुना वण होता. घड्याळ तो ओलांडून वर जायचं. चार महिन्यांनी ते वणाच्या बोटभर खालीच अडायला लागलं. हारुन रोज तपासायचा, आणि रोज दोनदा, कारण पहिल्या तपासणीवर त्याचा विश्वास नव्हता.

घड्याळाची काच पुसून घ्यायला गेला तेव्हा बाबू म्हणाला, “दोन कड्या काढून देऊ? नीट बसेल.”

हारुनने घड्याळ झटकन मागे घेतलं.

“आणि हात भरल्यावर परत मागितल्या, तर देशील याचा काय भरवसा?”