टेंपरेचर मॅडम

कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीवर तळहात धरून मॅडम आतलं तापमान सांगायच्या. क्षणभर डोळे मिटून म्हणायच्या, "ग्राफिक्स कार्ड ब्याऐंशीच्या आसपास आहे." मग स्क्रीनवर बघावं, तर ब्याऐंशी नाहीतर त्र्याऐंशी. पडेगावातल्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे टेंपरेचर मॅडम म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं. फोनवर त्या स्वतःच सांगायच्या, "हां, टेंपरेचर मॅडम बोलतेय. किती चढलंय?" ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणाला तरी ताप आहे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एप्रिलमध्ये. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते. ड्रॉइंगसाठी लागतो म्हणून वडिलांकडून चांगल्या ग्राफिक्स कार्डचा कॉम्प्युटर मिळवला होता आणि त्यावर मुख्यतः गेम खेळत होते. उन्हाळा लागला तसा तो अर्ध्या तासात बंद पडू लागला. रिक्षातून तो मॅडमकडे नेला. त्यांनी बाजूचा पत्रा काढला आणि मला विचारलं, "घरी कुठं ठेवतेस?"

"टेबलाच्या कपाटात. धूळ बसू नये म्हणून दार लावून."

"आणि कपाट भिंतीला चिकटून?"

"हो."

"अगं पोरी, त्याला कोंडून घातलंयस तू." मग त्यांनी मागचा पंखा दाखवला. तो उलटा बसवलेला होता. पुढचा, मागचा, दोन्ही पंखे हवा आतच ढकलत होते. "ही गरम हवा जाईल कुठं? आतल्या आत फिरत राहते बिचारी."

त्यांचं काम बघत बसावंसं वाटे. ब्रशने धूळ झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायच्या, ते गरगर फिरून खराब होऊ नये म्हणून. प्रोसेसरवरची, उष्णता कूलरकडे वाहून नेणारी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावायच्या, ती हरभऱ्याच्या दाण्याएवढीच. एका मुलाने स्वतः मशीन जोडलं होतं आणि प्रोसेसर पाच मिनिटांत शंभरावर जात होता. मॅडमनी प्रोसेसरवरचा कूलर काढला, तर त्याच्या तळाचं प्लॅस्टिक सोलायचंच राहिलेलं. त्यांनी ते सोललं, खिशात टाकलं आणि त्याला म्हणाल्या, "पेस्ट वाळली होती." मुलगा गेल्यावर मी हसले, तर माझ्यावर डाफरल्या. "पहिल्यांदा केलंय त्यानं. हसायला काय झालं?"

कुणी नवे महागडे पंखे घ्यायला निघालं की त्या आधी सेटिंगमध्ये शिरायच्या. कार्डाला मिळणारी वीज थोडी कमी करायच्या, गेमच्या फ्रेम सेकंदाला साठावर बांधायच्या. "पळणं तेवढंच राहतं, धाप कमी लागते," म्हणायच्या. एकाने मशीनच्या पुढ्यात घरातला पाण्याचा कूलर लावून ठेवला होता. त्याला मात्र त्या लई बोलल्या. "ती ओली हवा आत घालतोस? गंज चढवायचाय का?"

हे सगळं चालायचं ते घराच्या काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत. एक टेबल, एक स्टूल, आणि मागे हॉलचं उघडं दार. हॉलमध्ये पलंगावर सर असत. सर म्हणजे मॅडमचे यजमान. दोघांनी मिळून गुलमंडीजवळ बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला होता. मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. क्लास बंद झाला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. मॅडम स्क्रू अर्धवट सोडून उठायच्या, अंथरलेली चादर दोन्ही हातांनी ओढून त्यांना वळवायच्या, हात धुऊन परत यायच्या. किराणा घरपोच यायचा, औषधं शेजारच्या काकू आणायच्या. एकदा मी म्हटलं, मैत्रिणींबरोबर दौलताबादला चाललेय. तर म्हणाल्या, "इथून एवढं जवळ. सहा वर्षं झाली मला त्या रस्त्याला जाऊन." तक्रार नव्हती त्यात. त्या लगेच पुढचा स्क्रू शोधू लागल्या.

मी शेवटच्या वर्षाला असताना जालना रोडवरच्या एका डिझाइन कंपनीला मशीन सांभाळणारं माणूस हवं होतं. आमच्या कॉलेजात ते कळलं आणि मी मॅडमचं नाव दिलं. तिथून त्यांना भेटायला बोलावणं आलं. पगारातून दिवसाची बाई ठेवता आली असती. मॅडमनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. मग मीच म्हटलं, "मी बसते सरांपाशी. तुम्ही जाऊन या."

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. मला चादर कशी ओढायची, लघवीची नळी कशी बघायची, पाणी चमच्याने कसं द्यायचं, सगळं तीनदा सांगितलं. दहाला निघाल्या. साडेअकराच्या सुमारास सर अस्वस्थ झाले. डावा हात पलंगावर आपटू लागले, घशातून आवाज काढू लागले, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाणी दिलं, कूस बदलली, पंखा वाढवला. ते थांबेनात. शेजारच्या काकूंच्या दाराला कुलूप होतं. मी घाबरले आणि मॅडमना फोन केला.

त्या रिक्षाने आल्या. आत येताच चादर उचलली. नळी मांडीखाली दुमडली होती. त्यांनी ती सरळ केली आणि सर शांत झाले. दोन मिनिटांचं काम.

"तुमची भेट झाली का?" मी विचारलं.

"नाय. बरं झालं फोन केलास," त्या म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या. ती जागा आठवड्याभरात भरली.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आले. गावी गेले की मॅडमना भेटायची, पण त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. नळी बघायची हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं. माझ्या बावळटपणामुळे त्या बाईची सुटका हुकली, हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. कळल्यावर मी गेले. हॉलमधला पलंग काढलेला होता आणि तेवढी फरशी वेगळ्या रंगाची दिसत होती. मॅडम बाल्कनीतच बसल्या होत्या, पुढ्यात कुणाचं तरी उघडं मशीन. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी नळी बघितली असती तर तुम्हाला ती नोकरी मिळाली असती. मला माफ करा."

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "तू ते अजून धरून बसलीस व्हय?"

मी मान हलवली.

"अगं, तुझा फोन आला तेव्हा मी बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. आतून दोनदा नाव पुकारलं माझं. मी उठलेच नाय."

"का?"

"काय माहीत. पाय उचलंनात. ती सगळी माणसं, त्यांचं ते भराभर बोलणं. वाटलं, मला आता हे जमायचं नाय. आणि तुझा फोन आला. लई हायसं वाटलं मला. रिक्षात बसल्यावर रडले, तर ती रिक्षावाली बाई म्हणाली, घरी कुणी आजारी आहे का? मी हो म्हटलं. इतकी वर्षं म्हणत होते, यांच्यामुळं मला बाहेर पडता येत नाय. ते पडल्या पडल्या ऐकत होते सगळं. आणि खरं काय ते मला त्यांना सांगता आलं नाय."

चार वर्षं उराशी बाळगलेला दोष त्यांनी सहज काढून घेतला होता, आणि तो त्यांच्या अंगावर जाण्यापेक्षा माझ्याकडेच राहायला हवा होता असं वाटत होतं. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ते मशीन जोडलं.